गूगल ड्राइव्हवरचं फोल्डर मंगळवार दुपारच्या स्थितीत परत न्यायचंय. स्क्रिप्टने जमेल का?

पॅकहाउस_पिंपळगाव

नमस्कार मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे.

पिंपळगाव बसवंतजवळ आमचं द्राक्षाचं छोटं पॅकहाउस आहे. युरोपचा माल सुरू झालाय. सगळी कागदपत्रं गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरात असतात. प्रत्येक प्लॉटचं वेगळं उपफोल्डर, त्यात ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदणी, रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशाची तपासणी), फवारणीच्या वहीचे स्कॅन, पॅकिंग लिस्ट, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला). फायलींची नावं मराठीत, शेतकरी आणि गट नंबर घालून.

मंगळवारी दुपारी हंगामापुरत्या आलेल्या ऑपरेटरने जागा वाचवायची म्हणून पीडीएफ लहान करणारं एक सॉफ्टवेअर अख्ख्या फोल्डरवर चालवलं (गूगल ड्राइव्ह आमच्या कॉम्प्युटरवर 'जी:' ड्राइव्ह म्हणून दिसतो). स्कॅन इतके पुसट झाले की शिक्का वाचता येत नाही. त्यात त्या सॉफ्टवेअरला देवनागरी झेपत नसावी, पुष्कळ नावांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्यात. मग 'डबल' दिसतात म्हणून त्याने काही फायली हाताने उडवल्या आणि काही प्लॉटचे फोल्डर भलतीकडे ओढून ठेवले. कोणाच्या लक्षात यायच्या आत बुधवारी आम्ही त्याच फोल्डरात नवीन कामही केलं.

मंगळवारी दुपारी दोनला फोल्डर जसं होतं तसं करून देणारं बटण आहे का कुठे? हजाराच्या वर फायली आहेत. खातं साधं जीमेलचंच, पैसे भरून जागा वाढवलेली. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला पायथॉन येतं.

लासलगावी

आधी सांगा, त्या पोराला घरी पाठवलं की अजून आहे? :)

पॅकहाउस_पिंपळगाव

आहे हो. कामाचा आहे तो. जानेवारीत माणूस मिळतंय कुठे.

निशाचर

दादा, आत्ताच्या आत्ता दोन गोष्टी. त्या कॉम्प्युटरवरचा ड्राइव्हचा सिंक थांबवा. घड्याळाशेजारच्या ड्राइव्हच्या चिन्हावर जाऊन पॉझ करा, नेट काढलंत तरी चालेल. दुसरं, ट्रॅश कोणीही रिकामा करायचा नाही. २०२० च्या ऑक्टोबरपासून ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी आपोआप कायमची जाते, त्याआधी ती पडून राहायची. तुमच्याकडे वेळ आहे, पण तो मोजून आहे.

बटणाचं म्हणाल तर ड्राइव्हला ते नाही. वनड्राइव्हला आहे, मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सदस्यत्व असेल तर मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेवर नेता येतं, मात्र सगळा वनड्राइव्ह मागे जातो, एकच फोल्डर निवडता येत नाही. ड्रॉपबॉक्सच्या पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये रिवाइंड आहे, ते एका फोल्डरपुरतंही चालतं. तुम्हाला आज त्याचा उपयोग नाही, माहितीसाठी सांगितलं.

जुना_गडी

स्क्रिप्ट-बिप्टच्या नादी लागू नका असा माझा सल्ला. फाइलवर राइट क्लिक, मॅनेज व्हर्जन्स, जुनी आवृत्ती उतरवून घ्या, परत चढवा. दोन पोरं बसवा, दोन दिवसांत होईल. हाताने केलेलं काम डोळ्यांसमोर असतं. स्क्रिप्टने चुकीच्या फाइलवर चुकीची आवृत्ती चढवली तर ते शोधणार कोण? शिपमेंटच्या कागदांशी खेळ नको.

पॅकहाउस_पिंपळगाव

काका, तेच करून पाहिलं. आवृत्ती उतरवता येते, पण ती कोणाची ते कळायला नाव कुठे आहे? आडव्या रेघा. प्रत्येक पीडीएफ उघडून गट नंबर वाचायचा म्हटलं तर द्राक्ष बागेतच मनुका होतील.

गोदाकाठची_मीरा

मी कॉलेज रोडच्या एका कंपनीत असलंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथे कोड चिकटवला की त्याचे रकाने विस्कटतात आणि पायथॉनमध्ये तेवढ्याने सगळं मोडतं, त्यामुळे तर्क मराठीत सांगते. भाच्याला त्यावरून लिहिता येईल.

बटण का नाही, ते आधी. ड्राइव्हमधलं फोल्डर ही पेटी नव्हे. फोल्डर ही एक नोंद, फाइल ही दुसरी नोंद, आणि फाइलच्या नोंदीत 'पेरेंट्स' या रकान्यात फोल्डरचा आयडी (गूगलने दिलेली कायमची ओळखखूण) लिहिलेला असतो. फाइल हलवली म्हणजे तेवढा रकाना बदलला. आवृत्त्या जपल्या जातात त्या फक्त फाइलच्या मजकुराच्या. नावाच्या आणि जागेच्या आवृत्त्या नसतात. म्हणजे 'मंगळवार दुपारचं फोल्डर' असं काही गूगलकडे ठेवलेलंच नाही. ते आपण उभं करायचं, तीन ठिकाणच्या नोंदी जुळवून: मजकुरासाठी रिव्हिजन्स (जुन्या आवृत्त्या), उडवलेल्या फायलींसाठी ट्रॅश, आणि नाव-जागेसाठी ड्राइव्ह ॲक्टिव्हिटी एपीआय (एपीआय म्हणजे स्क्रिप्टने गूगलकडे माहिती मागायची वाट, हा घडामोडींची नोंद देतो). हा तिसरा फार लोकांना माहीत नसतो, आणि तुमच्या आडव्या रेघांचं उत्तर नेमकं त्यातच आहे. फाइलचं नाव बदललं की तिथे जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही लिहिलेली असतात. फाइल हलवली की कुठल्या फोल्डरातून काढली आणि कुठल्यात घातली तेही.

त्या एपीआयला मुख्य फोल्डरचा आयडी पूर्वज म्हणून द्यायचा, 'अमुक वेळेनंतरचं सगळं' अशी चाळणी लावायची, की आतल्या सगळ्या फायलींच्या घडामोडी मिळतात.

आता कळीचा मुद्दा. लोक इथे 'अनडू' लिहायला बसतात, म्हणजे शेवटची घडामोड उलटवा, मग त्याआधीची, असं करत मागे. गरज नाही. एका फाइलचं नाव मंगळवारी दोननंतर तीनदा बदललं असेल तरी आपल्याला दोननंतरचा पहिला बदलच पाहायचा आहे. त्यातलं 'जुनं नाव' हेच दोन वाजताचं नाव. जागेचंही तसंच, दोननंतरच्या पहिल्या हलवाहलवीत ज्या फोल्डरातून काढलं तेच मूळ घर. मजकुराचं उलट: दोनआधीची शेवटची आवृत्ती. एवढं धरलंत की प्रत्येक फाइलमागे एकच ओळ तयार होते: आयडी, तेव्हाचं नाव, तेव्हाचं फोल्डर, तेव्हाच्या आवृत्तीचा आयडी. हा तक्ता म्हणजेच तुमचं मंगळवारचं फोल्डर.

ट्रॅशचं एक त्रांगडं आहे. फाइल केव्हा टाकली त्याची वेळ फाइलच्या नोंदीत फक्त शेअर्ड ड्राइव्हसाठी भरलेली असते. साध्या खात्यात तो रकाना रिकामा. म्हणून सरसकट 'ट्रॅशमधलं सगळं बाहेर काढ' असं केलंत तर गेल्या आठवड्यात तुम्ही मुद्दाम टाकलेला कचराही परत येईल. टाकल्याची वेळही ॲक्टिव्हिटीतूनच घ्यायची. आणि अख्खं फोल्डर ट्रॅशमध्ये गेलं असेल तर आतल्या फायली त्याच्याबरोबर गेलेल्या असतात. फोल्डर बाहेर काढलं की त्या येतात, एकेकीला ओढत बसू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता. असली सॉफ्टवेअरं पुष्कळदा मूळ फाइलवर लिहीत नाहीत. नवी फाइल तयार करतात आणि जुनी काढून टाकतात. तिथे जुनी फाइल जुन्या आयडीने ट्रॅशमध्ये असेल आणि पुसट झालेली ही मुळात वेगळीच फाइल असेल. अशा नव्या फाइलची मागची आवृत्ती शोधून सापडणार नाही, कारण ती नाहीच. म्हणून जोड्या नावावरून लावू नका. ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली सुखाने राहतात. सगळं आयडीवर.

आता करायच्या क्रमाबद्दल. पहिली फेरी काहीही न बदलता, नुसता तो तक्ता छापायचा. दुसरी फेरी: तक्त्यातल्या ज्या आवृत्त्या लागणार आहेत त्यांच्यावर 'कीप फॉरएव्हर'ची खूण लावायची. पीडीएफसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० नव्या आवृत्त्या झाल्यावर काढल्या जाऊ शकतात, ही खूण असली की जात नाहीत. एका फाइलला अशा २०० च खुणा चालतात, तुम्हाला एक पुरे. खूण लावलेल्या आवृत्त्या जागा खातात, तेवढं लक्षात असू द्या. एवढं झालं की आवृत्त्यांची घाई संपली, रात्री झोप लागेल.

मग ट्रॅशमधून काढणं, त्यानंतर जागा, त्यानंतर नावं, सगळ्यात शेवटी मजकूर. मजकूर परत आणायचा म्हणजे जुनी आवृत्ती उतरवायची आणि त्याच आयडीवर अपडेट म्हणून चढवायची. नवीन फाइल करू नका, नाहीतर खरेदीदाराला पाठवलेल्या लिंक मरतील. असं चढवल्यावर पुसट आवृत्ती पुसली जात नाही, तीही इतिहासात मागे राहते. त्यामुळे जुना_गडी काकांची भीती रास्त असली तरी चुकीची आवृत्ती चढली तर ती उलटवता येते. आणि तपासायला डोळे नकोत: आवृत्तीच्या नोंदीत एमडी५ (मजकुरावरून काढलेला आकडी ठसा) असतो, चढवल्यावर फाइलचा एमडी५ त्याच्याशी ताडून पाहायचा. जुळला तर फाइल अक्षरशः तीच.

बुधवारी नव्याने आलेलं काहीही डिलीट करायचं नाही. 'मंगळवारनंतरचे' असं फोल्डर करून तिथे हलवा, सवडीने निवडा.

सातपूरकर

मीराताई, हे वाचून डोकं गरगरलं पण आवडलं. आमच्या शॉपमध्ये ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा असाच गोंधळ चालतो.

मी आरक्लोन (क्लाउडवरच्या फायलींची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) वापरतो. त्याला गूगल ड्राइव्हसाठी 'अनट्रॅश' अशी आज्ञा आहे, दिलेल्या फोल्डरातलं ट्रॅशमधलं सगळं बाहेर काढते. ड्राय रन लावून आधी नुसतं पाहताही येतं. एवढ्याने भागत नाही का?

गोदाकाठची_मीरा

नुसतं उडवलेलं असतं तर भागलं असतं, स्क्रिप्ट लिहायचंही कारण नव्हतं. पण ती आज्ञा वेळ पाहत नाही, आणि नाव किंवा मजकूर बदललेल्या फायलींना हातच लावत नाही.

आरक्लोनमध्ये तुम्हाला हवं ते खरंच आहे, पण ॲमेझॉन एस३ किंवा बॅकब्लेझ बी२ या साठवणुकीच्या सेवांसाठी. तिथे 'व्हर्जन ॲट' हा पर्याय देऊन एक वेळ सांगितली की बादली (तिथला फायलींचा साठा) त्या वेळी जशी होती तशी दिसते आणि ती दुसरीकडे कॉपी करून घेता येते. त्या अवस्थेत फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, हे उत्तमच. एस३ वर डिलीट केलं तरी व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपायची सोय) असताना वस्तू, म्हणजे फाइल, जात नाही, वर एक डिलीट मार्कर बसतो, तो काढला की खालची वस्तू परत. अट एकच, व्हर्जनिंग आधीपासून चालू हवं. ज्याच्यावर ते नव्हतं त्याच्यासाठी मागाहून चालू करून काही मिळत नाही.

निशाचर

भाच्याला वेळेबद्दल सांगा. एपीआयमधल्या सगळ्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येतात, शेवटी झेड असतो. आपली दुपारची दोन म्हणजे तिकडे सकाळचे ८:३०. चाळणीत नुसतं १४:०० लिहिलं तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात होतात, आणि दोन ते साडेसात एवढ्या वेळात झालेला सगळा सत्यानाश 'आधीचा' म्हणून खरा धरला जाईल. तुमचं सॉफ्टवेअर नेमकं त्याच वेळात चाललं.

दुसरं, फाइलच्या बदलाची वेळ प्रमाण मानू नका, ती अपलोड करणाऱ्याला हवी ती लिहिता येते.

ऑडिटवाला

विषयांतर करतो, पण कामाचं आहे. सगळ्याच फायली सारख्या घाईच्या नाहीत. रेसिड्यू रिपोर्ट लॅबकडून ग्रेपनेटवर चढतो, तुमच्या फोल्डरातली ती प्रत. ॲगमार्कचा दाखला आणि फायटोचंही तेच, देणाऱ्या कार्यालयाकडे नोंद असते. खरी जोखीम आहे ती फवारणीच्या वहीच्या स्कॅनची आणि पॅकहाउसच्या स्वतःच्या नोंदींची. त्या दुसरीकडे कुठेच नाहीत. कंटेनर या आठवड्यात न्हावा शेवाला जायचा असेल तर त्या प्लॉटपासून सुरुवात करा, स्क्रिप्ट उपफोल्डरावरही चालेलच की.

गोदाकाठची_मीरा

+१. पहिली चाचणीही एकाच प्लॉटवर घ्या.

पॅकहाउस_पिंपळगाव

सगळ्यांचे आभार. सिंक बंद केलाय, ट्रॅशला कोणी हात लावलेला नाही.

भाच्याने काल रात्री बसून पहिली फेरी लिहिली. (काल निफाडकडे पारा इतका उतरला की बागेत शेकोट्या पेटवायला मीच गेलो होतो, तो एकटाच घरात.) दोन अडचणी. यादीत फक्त १०० फायली येतात. आणि तक्ता एक्सेलमध्ये उघडला तर मराठी नावांची नुसती कावळ्या-चिमण्यांची लिपी दिसते. म्हणजे जुनी नावंही गेली का?

गोदाकाठची_मीरा

नावं शाबूत आहेत, घाबरू नका. सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्यायला सांगा. सुरुवातीची ती खूण नसली की एक्सेलला देवनागरी ओळखता येत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, नावं दिसतील.

१०० चं कारण, यादी पानापानाने येते आणि पान मुळात १०० चं असतं. ते १००० पर्यंत वाढवता येतं, पण तरीही उत्तरात 'नेक्स्ट पेज टोकन' आला की पुढचं पान मागत राहायचं, तो येणं थांबेपर्यंत. ॲक्टिव्हिटीलाही तसंच. हवे ते रकानेही नावानिशी मागायला लागतात, नाहीतर आयडी, नाव आणि प्रकार एवढंच हाती पडतं.

निशाचर

मध्येच ४०३ किंवा ४२९ असा एररचा आकडा आला तर स्क्रिप्ट मोडली असं समजू नका, गूगल 'हळू' म्हणतंय. थोडं थांबून परत, मग दुप्पट थांबून परत. पायथॉनऐवजी गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहायचा मोह झाला तर टाळा, तिथे एका वेळी सहाच मिनिटं चालू देतात.

पॅकहाउस_पिंपळगाव

तक्ता आला. जुनी नावं शब्दन् शब्द मिळाली! मीराताई म्हणाल्या ती दुसरी शक्यताच बरीचशी खरी निघाली, अर्ध्याहून जास्त मूळ फायली ट्रॅशमध्ये आहेत आणि समोर दिसतात त्या नव्याच. कोणी काय केलं त्या रकान्यात मात्र माणसाच्या नावाऐवजी लांबलचक आकडा येतो.

गोदाकाठची_मीरा

तो खात्याचा आयडी. नाव हवं असेल तर वेगळा पीपल एपीआय लागतो. तुमच्या ऑफिसात एकाच खात्यातून सगळे काम करत असतील तर आकडाही एकच येणार, मग सोडूनच द्या.

जुना_गडी

एक मान्य करतो, नावं परत मिळतील असं मला वाटलं नव्हतं. पण चढवण्याची फेरी चालवण्याआधी त्या तक्त्यातल्या वीस-पंचवीस ओळी हाताने पडताळा. अधल्यामधल्या घ्या, वरच्या वर नकोत.

पॅकहाउस_पिंपळगाव

काका, घेतल्या. वडिलांना बसवलं, त्यांना सगळे गट नंबर तोंडपाठ आहेत. एक ओळ त्यांनी पकडली: एका प्लॉटच्या फोल्डराचं आत्ताचं नाव बरोबर होतं पण तक्ता जुनं नाव दाखवत होता. बुधवारी शेतकऱ्याने गट नंबर दुरुस्त करून दिला म्हणून आम्हीच नाव बदललं होतं. ती ओळ तक्त्यातून काढली.

आधी त्या आठवड्याच्या कंटेनरचे प्लॉट केले, मग बाकीचे. एमडी५ सगळे जुळले. खरेदीदाराच्या लिंक चालतायत. राहिल्या त्या गूगल शीट्स, पॅकिंगचा हिशोब. त्यांच्यावर स्क्रिप्टने काहीच केलं नाही.

गोदाकाठची_मीरा

करणारही नाही. गूगलच्या स्वतःच्या डॉक्स-शीट्सची जुनी आवृत्ती एपीआयने जागेवर बसवता येत नाही, फार तर एक्सेल म्हणून बाहेर काढता येते. किती आहेत? हाताने शीट उघडून व्हर्जन हिस्ट्रीत जा, मंगळवार दोनआधीची निवडा, रिस्टोअर. पण पीडीएफवाल्या सॉफ्टवेअरने शीट्सला हात लावलेला नसणार. आधी बघा, बिघडल्यात का.

पॅकहाउस_पिंपळगाव

पाहिलं. नाही बिघडल्या. फक्त दोन हलल्या होत्या, त्या जागेवर आल्यात.

आता रोज रात्री आरक्लोनने दुसऱ्या खात्यात प्रत घ्यायची असं ठरवलंय. सातपूरकर, तुम्ही कसं करता?

सातपूरकर

सिंक, पण 'बॅकअप डिर' लावून. त्याने बदललेली किंवा उडालेली फाइल प्रतीतून जात नाही, तारखेच्या फोल्डरात बाजूला पडते. तो पर्याय न लावता नुसतं सिंक केलंत तर मंगळवारचा गोंधळ रात्री दुसऱ्या खात्यातही जसाच्या तसा पोचेल.

आणि भाच्याची स्क्रिप्ट मिळेल का? आमच्या ड्रॉइंगच्या फोल्डरावर चालवून बघतो.

पॅकहाउस_पिंपळगाव

देतो की. अख्खं फोल्डर झिप करून मेल करू का?

गोदाकाठची_मीरा

अहो थांबा! स्क्रिप्टच्या त्या फोल्डरात क्रेडेन्शियल्सची आणि टोकनची (तुमच्या लॉगिनची किल्लीच म्हणा) अशा दोन जेसन फायली असतील, त्या आधी काढा. टोकन ज्याच्या हातात, त्याला तुमचा सगळा ड्राइव्ह उघडा. सातपूरकरांनी गूगल क्लाउडमध्ये स्वतःचा प्रोजेक्ट करायचा, ड्राइव्ह आणि ड्राइव्ह ॲक्टिव्हिटी हे दोन्ही एपीआय चालू करायचे, स्वतःला टेस्ट यूजर म्हणून घालायचं. प्रोजेक्ट टेस्टिंगमध्ये असेपर्यंत परवानगी सात दिवसांनी संपते, तेव्हा आठव्या दिवशी स्क्रिप्ट रुसली तर परत लॉगिन करा.

सातपूरकर

बरं. नुसती पायथॉनची फाइल पाठवा मग.